साइटवरची धूळ, फोल्ड फोन आणि आयपी ४८ मधला तो ‘४’

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे कोकणात हायवेच्या कामावर साइट सुपरवायझर आहेत. दिवसभर ड्रॉइंगच्या पीडीएफ उघडाव्या लागतात, साध्या फोनवर झूम करून करून वैताग येतो, म्हणून फोल्ड, म्हणजे पुस्तकासारखा उघडणारा घडीचा फोन, घ्यायचा विचार आहे आणि बजेट पावणेदोन लाखांपर्यंत ताणता येतंय. विचारलंय तीन गोष्टी. फोनवर आयपी ४८ (धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा) लिहिलंय म्हणजे पाणी आणि धूळ दोन्हीचं टेन्शन गेलं का? रोज उघडझाप करून दोन वर्षांत घडीवर स्क्रीन मोडतो का? आणि ओळखीतला एकजण गॅलेक्सी झेड फोल्ड ४ पंचेचाळीस हजारात देतोय, तो घ्यावा का?

उत्तर आधीच देऊन टाकतो: धुळीचं टेन्शन गेलेलं नाही, नुसत्या उघडझापीने सहसा मोडत नाही, आणि तो पंचेचाळीस हजारवाला घेऊ नका. आता का ते सांगतो, जरा लांबेल पण पावणेदोन लाखांचा विषय आहे तर वाचा पूर्ण.

मी चिपळूणला सतरा-अठरा वर्षं मोबाइल रिपेअरिंग करतोय, बटणवाल्या फोनपासून. आमच्या लाइनीत एका शब्दाचा घोळ आहे तो पहिल्यांदा निस्तरतो. डिस्प्ले आणि टच मिळून जो अख्खा जोड येतो त्याला रिपेअरिंगच्या बाजारात आधीपासूनच ‘फोल्डर’ म्हणतात, घडीचे फोन यायच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे फोल्ड घेतलेला माणूस विचारतो ‘याचा फोल्डर केवढ्याला बसेल’ आणि त्याच्या डोक्यात असतं की साध्या फोनसारखं तासाभरात बदलून मिळेल. तसं नाही होत. साध्या फोनची नुसती वरची काच फुटली असेल आणि खालचा डिस्प्ले चांगला असेल तर आम्ही ओसीए करतो, म्हणजे फोन गरम प्लेटवर ठेवायचा, बारीक तारेने काच डिस्प्लेपासून सोडवायची, जुना गम पुसून काढायचा आणि नवी काच बसवायची. फोल्डच्या आतल्या स्क्रीनला हे जमत नाही. तिथे काच, डिस्प्ले, खालचा पातळ पत्रा सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं आणि ते सगळं फ्रेम आणि हिंजला (मधल्या बिजागरीला) धरून असतं. बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटर अख्खी असेंब्लीच बदलतं, आणि बाहेर कोणी ‘काच टाकून देतो’ म्हणाला तर फोन उचला आणि घरी या.

तो आतला स्क्रीन नक्की काय असतो हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप कळतं. सगळ्यात खाली आधाराचा पातळ पत्रा, त्यावर प्लास्टिकच्या थरावर बनवलेला ओएलईडी, म्हणजे चित्र दाखवणारा डिस्प्ले (काचेवर बनवला तर वाकणार नाही म्हणून प्लास्टिक), त्यावर अतिपातळ काच आणि सगळ्यात वर प्लास्टिकची फिल्म. ती काच सॅमसंगने २०२० च्या झेड फ्लिपमध्ये पहिल्यांदा आणली तेव्हा जाडी साधारण ३० मायक्रॉन होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या डोक्याचा केस धरला तर तो साधारण ५० ते १०० मायक्रॉन असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ काच. एवढी पातळ का, तर वस्तू वाकवली की तिच्या बाहेरच्या बाजूवर येणारा ताण जाडीवर ठरतो, तोच बाक ठेवून जाडी अर्धी केली की ताणही अर्धा होतो. म्हणून ती मोडत नाही, वाकते. पण त्याच पातळपणामुळे वरून टोचलं की लगेच जाते. बोटाने दाबता ते ठीक आहे, बोट मऊ असतं, पण खडा ही वेगळी गोष्ट आहे.

आणि तुम्ही बोट लावता ते काचेला लागतच नाही, ते वरच्या फिल्मला लागतं. साध्या फोनच्या काचेवर टणकपणाच्या मोह्स पट्टीत सहाच्या आसपास ओरखडे सुरू होतात, फोल्डच्या आतल्या फिल्मवर दोनलाच. वाळूतला गारगोटीचा कण सातचा असतो, आणि आकडा जितका मोठा तितकी वस्तू टणक. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही फिल्म म्हणजे साधा स्क्रीनगार्ड समजून लोक उपटतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये पहिला गॅलेक्सी फोल्ड पत्रकारांकडे तपासायला गेला तेव्हा काहींनी नेमकं हेच केलं आणि स्क्रीन गेले, काहींच्या स्क्रीनखाली कण शिरून फुगवटा आला, आणि कंपनीला विक्री पुढे ढकलून कडा झाकून सप्टेंबरमध्ये पुन्हा आणावा लागला. आज इतक्या वर्षांनी माझ्याकडे येणारे फोल्ड बघा, वर्ष-दीड वर्षाने घडीच्या रेषेवर फिल्म सुटायला लागते, मधोमध लांबट बुडबुडा दिसतो, आणि माणूस तो नखाने उचकटत आलेला असतो. तसं करू नका. बुडबुडा आला की सर्व्हिस सेंटरला जाऊन फिल्म बदलून घ्यायची, स्क्रीन चांगला असतानाच. मध्ये महिनाभर ‘चालतंय ना’ म्हणून ढकललं की सुटलेल्या फिल्मखालच्या गमाला धूळ चिकटते आणि मग ती धूळ प्रत्येक घडीला काचेवर दाबली जाते.

आता आयपी ४८. इथे बहुतेक लोक फसतात कारण जाहिरातीत ‘वॉटर अँड डस्ट रेझिस्टन्स’ एका दमात म्हणतात. यात दोन आकडे वेगवेगळे आहेत, पहिला घन वस्तूंचा आणि दुसरा पाण्याचा. पाण्याचा ८ म्हणजे बुडाला तरी चालेल, सॅमसंग दीड मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटं असं सांगते. पण पहिला जो ४ आहे त्याचा अर्थ एक मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही, एवढाच. एक मिलिमीटर! रव्याचा कण त्याहून लहान असतो. तुमच्या साइटवर जांभा कापतात तेव्हा उडणारी लाल धूळ, सिमेंट, समुद्राकाठची बारीक वाळू, हे सगळं एक मिलिमीटरच्या खालचंच आहे, म्हणजे त्या ४ ने यातल्या कशाचीच हमी दिलेली नाही. खऱ्या धुळीची चाचणी ५ पासून सुरू होते, टाल्कम पावडर उडणाऱ्या बंद पेटीत यंत्र ठेवतात. ५ म्हणजे थोडी शिरली तरी कामात अडथळा येणार नाही आणि ६ म्हणजे शिरणारच नाही. आणि जिथे पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असतो, उदाहरणार्थ आयपीएक्स ८, तिथे धुळीचा दावाच केलेला नाही.

पाण्याबद्दलही एक गोष्ट सांगतो कारण ती मी डोळ्यांनी बघितली आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं, बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा माझं दुकानही गेलं, आणि नंतरचे दोन-तीन महिने माझ्याकडे फक्त पुरात बुडालेले फोन. त्यात ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणणारे चांगले महागडे फोनही होते. उघडले की बोर्डवर तपकिरी सायीसारखा थर, आयसीवरच्या (चिपवरच्या) पत्र्याच्या टोप्या काढल्या की त्याच्या आतपण गाळ, चार्जिंग पोर्टमध्ये वाळून घट्ट झालेली माती. साध्या स्वच्छ पाण्यात पडलेला फोन लवकर आणला तर बऱ्याचदा वाचतो, पण गाळाचं पाणी वेगळं आणि खारं पाणी तर त्याहून वेगळं, मीठ आत राहिलं की हळूहळू खात राहतं. कंपनीची चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात, नव्या फोनवर, नव्या सीलवर झालेली असते. आणि पाणी आत गेलंच तर वॉरंटीत सहसा बसत नाही, आयपी काहीही लिहिलेलं असो.

साइटवर राहणाऱ्या माणसाने अजून एक गोष्ट ऐकावी, जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. फोल्ड बंद राहावा म्हणून त्याच्या कडांमध्ये लोहचुंबक असतात. जिथे सळई कापतात, ग्राइंडर चालतो, तिथे लोखंडाचा बारीक भुसा उडतो आणि तो बरोबर त्या चुंबकांच्या जागी येऊन बसतो. माझ्याकडे एका फॅब्रिकेशनवाल्याचा फोल्ड आला होता, आतली कड टेबललॅम्पखाली धरली तर केसाळ दिसत होती, सगळा लोखंडाचा कीस उभा राहिलेला. त्याने तो शर्टाने पुसला होता आणि तो कीस अख्ख्या स्क्रीनवर फिरला होता. असा कीस पुसायचा नसतो, चिकटपट्टीच्या चिकट बाजूने टिपून घ्यायचा, कडेने हळूहळू. (घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्याने हा फोन वरच्या खिशात ठेवायचा नाही, छातीपासून पंधरा सेंटिमीटर तरी लांब, कारण तेच चुंबक.)

उघडझापीचं टेन्शन मात्र सोडा. आधी कंपन्या दोन लाख घड्यांची चाचणी सांगायच्या, झेड फोल्ड ७ च्या पॅनेलसाठी पाच लाख सांगितल्यात. दिवसाला शंभर वेळा उघडला तरी दोन लाख व्हायला साडेपाच वर्षं लागतात. आता मशीन फोन उघडझाप करतं ते स्वच्छ खोलीत, मध्ये काही न ठेवता, ही गोष्ट खरी आहे. पण तरी एवढ्या वर्षांत निव्वळ हिंज थकून मोडलेला फोल्ड माझ्या टेबलवर फार क्वचित आला. येतात ते कणामुळे गेलेले, पडून कोपरा बसलेले, आणि फिल्म उपटलेले. हिंजमध्ये धूळ अडवायला आत बारीक केसांचा ब्रश बसवतात आणि आता बहुतेकांचा बाक थेंबाच्या आकाराचा असतो, त्यामुळे बंद केल्यावर फोनच्या दोन पाळ्यांमध्ये (अर्ध्यांमध्ये) फट राहत नाही. पहिल्या मॉडेलांमध्ये राहायची आणि तिथून खिशातला कचरा सरळ स्क्रीनवर जायचा.

एक केस सांगतो म्हणजे ‘कणामुळे’ म्हणजे काय ते नजरेसमोर येईल. एका कॉन्ट्रॅक्टरचा फोल्ड, कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही कारण कुठलाही असता तरी हेच झालं असतं. म्हणाला, रात्री व्यवस्थित बंद करून ठेवला आणि सकाळी उघडला तर मधोमध काळी रेघ. मायक्रोस्कोपखाली धरला. फिल्मला भोक नाही, चीर नाही, फक्त टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. पण त्याच्या खालची पातळ काच त्या बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली, आणि तिथूनच शाई सांडावी तसा काळा डाग घडीच्या रेषेने वर-खाली पसरत चाललेला. खडा केव्हाच पडून गेला होता. जेवताना फोन उघडा ठेवला, ट्रक गेला, धूळ बसली, बंद करताना दाब आला, संपलं. तो माणूस बिचारा फोन फार जपायचा, कव्हरबिव्हर सगळं होतं. कव्हर बाहेरून असतं हो, आत काही नसतं.

आता तो फोल्ड ४. तो फोन वाईट म्हणून नाही म्हणत नाहीये, २०२२ च्या ऑगस्टचा आहे आणि त्या वेळचा उत्तम फोन होता. पण तुमच्यासाठी नको. एक तर तो आयपीएक्स ८ आहे, धुळीच्या जागी एक्स, आणि बंद केल्यावर पाळ्यांमध्ये फट राहणाऱ्या पिढीतला आहे, ती फट फोल्ड ५ पासून बंद झाली. दुसरं, इतक्या वर्षांनी त्याचे सील आणि गम किती धरून आहेत ते बाहेरून कोणीही सांगू शकत नाही, मीही नाही. तिसरं, त्याला चार अँड्रॉइड अपग्रेड आणि पाच वर्षं सिक्युरिटी पॅच असं ठरलेलं होतं, म्हणजे २०२७ मध्ये ते संपतं. आणि वजन २६३ ग्रॅम, दिवसभर शर्टाच्या खिशात घालून बघा. तरी मन होत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून त्या मॉडेलच्या आतल्या स्क्रीनच्या असेंब्लीचा भाव विचारा आणि तो पंचेचाळीस हजारांच्या शेजारी कागदावर लिहा.

बाकी कोणी दुसरा सेकंडहँड फोल्ड बघायला जाणार असेल तर त्यांच्यासाठी सांगतो, मी कसा तपासतो ते. व्हिडिओ लावून ठेवायचा आणि फोन अगदी सावकाश पूर्ण बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत न्यायचा, मध्येच कुठल्या कोनावर चित्र लुकलुकलं किंवा टच गेला तर हिंजमधून जाणारी वायरची पट्टी थकली आहे (बॅटरीही दोन असतात, दोन अर्ध्यांत एक एक, सगळा संसार त्या पट्ट्यांवरच चालतो). मग कान लावून ऐकायचं, उघडताना करकर आवाज आला तर हिंजमध्ये वाळू आहे. मग डाग-रेघा बघायला अंधारात पांढरा स्क्रीन, मग काळा. शेवटी बोटाचं पेर घडीवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचं, नख नाही. कुठे खडबड लागली किंवा फिल्म हलली तर पैसे द्यायचे नाहीत. आणि फिल्म जर कोणी बाहेरून बदलली असेल तर तसाच परत.

नवा घ्यायचा तर तुमच्या बजेटमध्ये भारतात २०२५ मध्ये आलेले तीन खरे पर्याय आहेत. गॅलेक्सी झेड फोल्ड ७, जुलै २०२५ ला आला, लाँचला १,७४,९९९ पासून, बंद ८.९ मिलिमीटर आणि २१५ ग्रॅम. हातात धरला की फोल्ड आहे असं वाटतच नाही, मला स्वतःला वापरायला सगळ्यात आवडलेला हाच. पण धुळीला ४, आणि बॅटरी ४४०० एमएएच, जी फोल्ड ३ पासून तेवढीच आहे. साइटवर उन्हात ब्राइटनेस फुल ठेवून ड्रॉइंग बघणाऱ्याला ती दुपारी तीनला धाप लागल्यासारखी वाटणार. विवो एक्स फोल्ड ५, १,४९,९९९ ला आला, ६००० एमएएच आणि वजन तरी २१७ ग्रॅम. हे जमतं कारण बॅटरीच्या एका टोकाला नुसतं ग्रॅफाइट न वापरता सिलिकॉन-कार्बन वापरतात. सिलिकॉन तेवढ्याच वजनात खूप जास्त लिथियम धरतं पण चार्ज होताना फुगतं, म्हणून ते कार्बनच्या जाळीत बसवतात. याला धुळीला ५ आहे. आणि तिसरा पिक्सेल १० प्रो फोल्ड, लाँचला १,७२,९९९, आयपी ६८, म्हणजे धुळीला पूर्ण ६ मिळालेला पहिला फोल्ड. तो जाड आहे, बंद १०.८ मिलिमीटर, जड आहे, २५८ ग्रॅम, आणि गेमिंगच्या ताकदीत मागे आहे.

तुमचं काम ऐकून मी पिक्सेल किंवा विवो म्हणेन, आणि त्या दोघांत रोज जांभ्याच्या धुळीत आठ तास उभं राहायचं असेल तर पिक्सेल. ऑफिसात बसणाऱ्याने हेच विचारलं असतं तर डोळे झाकून फोल्ड ७ सांगितला असता. मात्र एक समजून घ्या, तो ६ फोनच्या आत धूळ जाण्याबद्दल आहे. उघड्या स्क्रीनवर खडा ठेवून फोन बंद केला तर पिक्सेलचीही काच तशीच तडकेल. मोह्सचं २ आणि ७ ते हेच.

मोठ्या स्क्रीनचा फायदा खरंच होतो का, तेही मोजून बघितलं, कारण हे फोन आतून जवळजवळ चौकोनी असतात. ड्रॉइंगच्या कागदाची लांबी-रुंदी साधारण १.४१ला १ असते. ८ इंची फोल्डवर आडवं ड्रॉइंग सुमारे ६ बाय सव्वाचार इंचाचं दिसतं, वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. ६.९ इंची साध्या लांबट फोनवर तेच ड्रॉइंग जेमतेम ४ बाय ३ इंच. म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट, फरक खरा आहे, पण व्हिडिओ बघणाऱ्याला हाच फरक फार कमी वाटतो कारण सिनेमा लांबट असतो. तुमच्या कामाला हा आकार बरोबर बसतो म्हणून मी फोल्डला नाही म्हणत नाहीये. नाहीतर सरळ सांगितलं असतं की एक बऱ्यापैकी टॅब घ्या, जाड कव्हर घाला आणि उरलेल्या पैशात घरच्यांना फोन घ्या.

घेतल्यावरच्या सवयी: बंद करायच्या आधी आत एक फुंकर, आणि तोंडाची नको कारण थुंकी उडते, रबरी ब्लोअर मिळतो कॅमेऱ्यावाल्यांकडे, तो खिशात ठेवा. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नका, धूळ निघण्याऐवजी हिंजच्या आत ढकलली जाते. आतल्या स्क्रीनवर टेम्पर्ड काचेचा गार्ड लावायचा नाही, कोणी कितीही सांगू दे. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर उघडा ठेवायचा नाही, गम मऊ होतो. साइटवर धूळ उडत असेल तेव्हा बाहेरच्या स्क्रीनवर काम करा आणि मोठा स्क्रीन गाडीत किंवा केबिनमध्ये बसूनच उघडा, ही सवय लागली तर अर्ध्याच्या वर धोका गेला.

आणि पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या, त्याही लेखी: फोल्डच्या आतल्या स्क्रीनचं काम प्रत्यक्ष कुठल्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला होतं (जवळचं सेंटर नुसता फोन जमा करून पुढे पाठवत असेल तर आठ-दहा दिवस दुसरा फोन लागेल), आणि ॲक्सिडेंटल डॅमेजच्या प्लॅनमध्ये आतला स्क्रीन वर्षातून किती वेळा आणि किती पैसे भरून बदलून देतात. हा प्लॅन बहुतेक ठिकाणी खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येतो, तेव्हा बिलाबरोबरच घ्या. शोरूमला जाताना तुमच्याच साइटची सगळ्यात गिचमिड ड्रॉइंग बरोबर न्या आणि तिथल्या डेमो फोनवर उघडून बघा, सळईचे आकडे झूम न करता वाचता येतायत का ते.